फौजदारांची संदर्भसूची

घरात तिला सगळे फौजदार म्हणत. ती पाच-सहा वर्षांची असताना शेजारच्या काकांनी शिडी नेली आणि परत आणून दिली नाही. तेव्हा त्यांच्या उंबऱ्यावर उभं राहून तिने त्याचा जाब विचारला होता. त्या दिवशी हे नाव पडलं ते पडलंच. आता ती नववीत होती आणि नावाला जागत होती. वर्गात कुणी एखादी गोष्ट ठासून सांगितली की ती "कशावरून?" असं विचारायची आणि उत्तर मिळेपर्यंत हलायची नाही. असं माणूस शेजारच्या बाकावर असणं सगळ्यांना सोसत नाही. इतिहासाच्या बाईंना मात्र ती मनापासून आवडायची, फक्त त्यांनी ते चेहऱ्यावर कधी येऊ दिलं नाही.

या बाईंचं एकच वेड होतं, संदर्भसूची. कुठल्या पुस्तकातून काय घेतलं याची शेवटी जोडायची यादी. इतर शिक्षक वही पुढून तपासत, बाई मागून. वर्षाच्या सुरुवातीलाच त्यांनी नववीला प्रकल्प दिला. शहरातली एक जुनी वास्तू निवडायची आणि तिचा इतिहास लिहायचा. "निबंध कितीही गोड असू दे," त्या म्हणाल्या, "मागे सूची नसेल तर मी पहिलं पानसुद्धा उघडणार नाही." मग फळ्यावर त्यांनी नोंदीचा साचा लिहून दिला. आधी लेखकाचं आडनाव, स्वल्पविराम, मग नाव, मग पुस्तकाचं नाव, त्याच्याखाली सरळ रेघ, मग प्रकाशक, ठिकाण, वर्ष आणि जिथून माहिती घेतली ते पान. सगळ्या नोंदी आडनावांच्या अकारविल्हे क्रमाने.

वर्गाने सुस्कारे सोडले. आदल्या वर्षी एकाने सूचीत नुसतं 'इंटरनेट' असं लिहिलं होतं आणि बाईंनी त्यापुढे 'पृष्ठ?' असं लिहून वही परत केली होती. दुसरीने 'आमचे मामा' लिहिलं होतं, तिला त्यांनी मामांचं प्रकाशनवर्ष विचारलं होतं. या गोष्टी शाळेत मोठ्या चवीने सांगितल्या जात, पण सूची कशी लिहायची ते त्यातून कुणी शिकलं नव्हतं.

फौजदारांना मात्र हे सगळं पाण्यासारखं सोपं वाटलं. कुठलीही गोष्ट कशावरून म्हणतोस ते सांग, एवढंच तर बाई मागत होत्या आणि ती जन्मापासून तेच मागत होती. शिवाय बाईंनी शेवटी एक गोष्ट सांगितली होती. सगळ्यांत चांगला प्रकल्प शहरातल्या सार्वजनिक ग्रंथालयात, स्थानिक इतिहासाच्या कपाटात ठेवायचा असं ग्रंथपालांनी कबूल केलं होतं. त्याला क्रमांक मिळणार होता, नावाचं कार्ड होणार होतं. बाकीच्यांनी ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं. हिच्या मात्र ते डोक्यात जाऊन बसलं. पुढे कधीतरी, ओळख ना पाळख असलेलं कुणीतरी त्या कपाटापाशी बसेल आणि आपल्या सूचीत तिचं आडनाव लिहील, स्वल्पविराम देईल, मग तिचं नाव लिहील. हे चित्र तिला इतकं आवडलं की तिने ते फक्त आईला सांगितलं आणि कुणाला सांगू नकोस अशी ताकीदही दिली.

तिने नदीवरचा लोखंडी पूल निवडला. पुलाचे दगडी खांब पहिल्यापासून एवढेच उंच होते, असं सगळं शहर समजून होतं. ते तसे नव्हते हे तिने शोधून काढलं होतं. मोठ्या पुरानंतर खांब वर चढवले होते. ग्रंथालयातल्या 'शहराचे वर्णन' या जुन्या पुस्तकात, पृष्ठ एकशे बारावर, ते सगळं आलं होतं. दगड कुठून आणला, जुन्या खांबावर नवा खांब कसा बसवला, सांधा कसा भरला, सगळं. ती स्वतः घाटावर जाऊन तो सांधा बघूनही आली होती. माणसाच्या दीडपट उंचीवर दगडाचा रंग बदलत होता. पुस्तक एका जुन्या मुख्याध्यापकांनी लिहिलेलं होतं. शाळामास्तर असून गवंडीकामाची इतकी जाण कशी, याचं तिला जरा नवल वाटलं होतं, पण तिने ते त्यांच्या खात्यावर जमा केलं आणि पुढे गेली.

प्रकल्प सोमवारी द्यायचा होता. शुक्रवारी शाळेतून आल्यावर तिने शेवटची तपासणी करायला घेतली. बाईंचा नियम होता, सूची पक्की करण्याआधी प्रत्येक पुस्तक पुन्हा उघडायचं आणि नोंद शब्दाला शब्द लावून बघायची. तिने 'शहराचे वर्णन' उघडलं. आडनाव बरोबर, नाव बरोबर, प्रकाशक, ठिकाण, वर्ष १९०८. पृष्ठ एकशे बारा. तिने पान काढलं, पुराचा मजकूर नजरेखालून घातला आणि तिची पेन्सिल थांबली.

पुलाच्या तोंडाशी एक दगड आहे, पुराचं पाणी कुठवर चढलं त्याची रेघ असलेला. तिच्या शाळेच्या वाटेवरच तो आहे आणि त्यावर साल कोरलेलं आहे, १९१७. म्हणजे १९०८ साली छापलेलं पुस्तक १९१७च्या पुराची हकिकत सांगत होतं. आधी तिला वाटलं, आपलंच काही चुकतंय. तिने साल पुन्हा वाचलं, पान पुन्हा वाचलं. मग तिला मुख्याध्यापकांचा भयंकर राग आला, जसं काही त्यांनी तिला मुद्दाम शेंडी लावली होती. त्यानंतर मात्र तिने कुठल्याही इतिहासकाराच्या मनात आलं नसतं ते केलं. पुस्तक आडवं धरलं आणि पानांचे तळ बघायला सुरुवात केली.

कारण ती पुस्तक बांधणाऱ्याची मुलगी होती. बाबांचा बांधणीचा कारखाना घराच्या पुढच्या खोलीतच होता. कारखाना म्हणायचा तो बाबांच्या तोंडून, एरवी एक लांब टेबल, कागद कापायचं यंत्र, दाब द्यायचा लोखंडी प्रेस आणि खळीचं पातेलं, एवढाच त्याचा पसारा. बाबा पुठ्ठे चढवत, आई शिवण घाली. शहरातल्या ग्रंथालयाची फुटलेली पुस्तकं वर्षानुवर्षं इथेच येत होती. पुस्तक एकेका पानाचं नसतं, घडी घातलेल्या मोठ्या कागदांचं असतं आणि त्या घडीला फर्मा म्हणतात, हे तिला पाढ्यांच्या आधी आलं होतं. फर्म्यांची सरमिसळ होऊ नये म्हणून जुने छापखाने प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी पुस्तकाच्या नावाचं पहिलं अक्षर आणि फर्म्याचा आकडा बारीक छापत. वाचणाऱ्याच्या नजरेला तो कधी पडत नाही. 'शहराचे वर्णन' असेल तर तिथे 'श' हवा.

तिथे 'पु' होता. प्रत्येक फर्म्यावर, शेवटपर्यंत 'पु'. फक्त पुस्तकाचं नाव असलेलं पहिलं पान सुटं होतं, मागाहून डकवलेलं. आणि पुस्तकाच्या पाठीवर, वरच्या टोकाला, निळ्या रेशमाचा बारीक गोट होता. असा गोट शहरात एकच माणूस लावत असे आणि तो या क्षणी पुढच्या खोलीत शीळ घालत पुठ्ठे कापत होता.

तरी ती एकदम बाबांकडे गेली नाही. एका बाजूचं ऐकून निकाल द्यायचा नाही, हा तिचा शिरस्ता होता. शनिवारी सकाळी ग्रंथालय उघडायच्या वेळी ती दारात हजर होती. स्थानिक इतिहासाच्या कपाटात 'पु'वरून सुरू होणारं, त्याच उंचीचं, त्याच निळ्या गोटाचं पुस्तक शोधायला तिला फार वेळ लागला नाही. 'पुलावरील वर्षे', पुलाची देखभाल करणाऱ्या एका अभियंत्याच्या आठवणी, १९२१. तिने ते उघडलं तर आत विहिरींची संख्या, बाजाराचे वार, शाळेतली पटसंख्या. आणि प्रत्येक फर्म्याच्या तळाशी 'श'. ग्रंथपाल म्हातारे आणि बोलके होते. हे पुस्तक नेणारे लोक दोन दिवसांत परत का आणतात कुणास ठाऊक, अभियंता भलताच रटाळ लिहायचा बुवा, असं त्यांनी तिला आपण होऊन सांगितलं. तिने मूग गिळून पुस्तक कार्डावर चढवून घेतलं.

बाबांविषयी एक गोष्ट सांगायला हवी. ते नम्र नव्हते. "माझ्या हाताखालून गेलेलं पुस्तक पुन्हा फुटत नाही," हे वाक्य त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला इतक्यांदा ऐकवलं होतं की आई ते त्यांच्याबरोबर ओठांतल्या ओठांत म्हणायची. नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. आणि खरं सांगायचं तर त्यांना ते शोभायचं, कारण पुस्तकं खरोखरच फुटत नव्हती. फौजदारांचा तोरा आला कुठून, हे कळायला त्यांच्याकडे एकदा बघितलं की पुरे होतं.

तिने दोन्ही पुस्तकं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि एका दमात सगळं सांगितलं. पूर, दगडावरचं साल, 'पु' आणि 'श'. बाबा आधी हसले. शक्यच नाही म्हणाले. मग चष्मा लावला. एकेक फर्मा उलटला, सुटं पान उजेडासमोर धरलं, कागदाचा पोत अंगठ्याने चाचपला, मग दुसऱ्या पुस्तकाचं चाचपलं. खोलीत फक्त आईच्या सुईचा दोरा ओढल्याचा आवाज येत होता. शेवटी त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. शीळ थांबलेली होती.

आईला सगळं लख्ख आठवत होतं. ग्रंथालयाचं छत गळालं त्या वर्षी भिजलेली पुस्तकं गाडीभर आली होती. नावाचं पान सगळ्यांत नाजूक, सगळ्यांत आधी जातं, म्हणून बाबांनी प्रत्येक पुस्तकाचं पहिलं पान आधी सोडवून, मागून पातळ कागद लावून, खोलीभर बांधलेल्या दोऱ्यांवर चिमटे लावून वाळत घातलं होतं. दुसऱ्या कुठल्या बांधणाऱ्याने एवढे कष्ट घेतले नसते, पहिलं पान सरळ फेकून नवं लिहून चिकटवलं असतं. म्हणजे चूक झाली ती हलगर्जीने नव्हे, नको तेवढ्या काळजीने. आईने हे सांगितलं आणि पुढे शांतपणे म्हणाली, "मी म्हटलं होतं, पानांच्या मागे आकडे घालते. तुम्ही म्हणालात, हात लावू नकोस, मला सगळी तोंडपाठ आहेत."

बाबांची मान खाली गेली. पण ते फार वेळ खाली मान घालून बसणाऱ्यांतले नव्हतेच. थोड्याच वेळात त्यांचा तजेला परत आला. दोन्ही पुस्तकं आयतीच घरात आली आहेत, त्यांनी हिशेब मांडला. दोन्ही पानं वाफेवर सोडवायची, जिथली तिथे लावायची, पाठीवरची नावं बदलायची. उद्या संध्याकाळपर्यंत काम फत्ते. सोमवारी पुस्तकं कपाटात जातील आणि कुणाला ताकास तूर लागणार नाही. तुझी सूचीही आपोआप बरोबर होईल, त्यांनी तिला समजावलं, १९०८च्या जागी १९२१ लिही आणि मुख्याध्यापकांच्या जागी अभियंता, की झालं.

फौजदारांना हायसं वाटलं. बाबा बरोबर, पुस्तकं बरोबर, सूची बरोबर. तिने मान डोलावली आणि आत जाऊन नवा कोरा कागद घेतला. आडनावं अकारविल्हे लावली. अभियंत्याची नोंद लिहिली, पट्टी ठेवून नावाखाली रेघ मारली. खांब त्याने स्वतः चढवलेले होते, म्हणून त्याला सगळं माहीत होतं. मास्तरांचं गवंडीकाम तिला उगीच खटकत नव्हतं, या विचाराने ती स्वतःवर खूश झाली. मास्तरांनाही तिने सूचीतून काढलं नाही, पुलाजवळच्या बाजाराचे वार आता त्यांच्या खऱ्या पुस्तकातून मिळाले होते. एकेक नोंद उतरवत ती इतिहासाच्या बाईंपाशी आली.

कारण बाईही तिच्या सूचीत होत्या. त्यांनी कधीकाळी नदीवर एक लहानशी पुस्तिका लिहिली होती आणि पूल झाल्यावर नावाड्यांचा धंदा कसा बुडाला ते तिने त्यातून घेतलं होतं. नियमाप्रमाणे तिने पुस्तिका पुन्हा उघडली, पान लावून बघितलं. नावाड्यांच्या हकिकतीखाली बाईंनी बारीक अक्षरात टीप दिली होती. आधार: शहराचे वर्णन, पृष्ठ सत्त्याण्णव.

म्हणजे नावाड्यांची हकिकतही अभियंत्याचीच, मास्तरांचं नाव चिकटलेली. बाईंनी ही हकिकत खरी घेतली होती. ज्या पुस्तकातून घेतली त्याच्या पहिल्या पानावर जे नाव होतं तेच लिहिलं होतं, पान बरोबर लिहिलं होतं. आणि आता बाबा गुपचूप पानं बदलणार होते. सोमवारनंतर कुणी बाईंची टीप घेऊन ग्रंथालयात गेलं, 'शहराचे वर्णन' उघडलं आणि सत्त्याण्णव पान काढलं, की तिथे विहिरी निघणार होत्या. नावाड्यांचा मागमूसही नसणार होता. तो माणूस म्हणणार, बाईंनी मनचं लिहिलं. सगळ्या जगाला पृष्ठ विचारणाऱ्या बाई खोट्या ठरणार होत्या आणि त्यांना ते कळणारही नव्हतं. आणखी कुणी कुणी त्या पुस्तकाचा आधार घेतला असेल, देव जाणे.

तिला रडू आलं. रागाने आलं की भीतीने, हे तिला सांगता आलं नसतं. बाबांना दुखवायचं नव्हतं, हे तर अगदी खरं होतं. पण डोळे पुसून ती उठली ती थेट पुढच्या खोलीतच गेली.

बाबांनी तोवर एक पान सोडवून काचेवर पसरलं होतं. तिने पुस्तिका त्यांच्यासमोर धरली. नुसती दुरुस्ती करून चालणार नाही, पुस्तकात तसं लिहून ठेवावं लागेल, ती म्हणाली. पहिल्यांदा बाबांना ते कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांच्या कपाळाची शीर तटतटली.

"तुझ्या त्या एका ओळीसाठी मी सगळ्या शहरासमोर कान धरू?"

"माझ्या ओळीसाठी नाही. माझी ओळ आता बरोबरच आहे. बाईंची खोटी पडेल. आणि त्यांनी ती खरी लिहिलीय."

"कोण जातंय एवढं तपासायला?"

"मी गेले ना," ती म्हणाली.

बाबांनी ब्रश पातेल्यात ठेवला. मग त्यांनी आईकडे पाहिलं. आपली बाजू घेणारं खोलीत दुसरं कुणी नाही म्हटल्यावर माणूस बघतो तसं पाहिलं. आई शिवणीवरून नजर न उचलता म्हणाली, "तिला फौजदार तुम्हीच म्हणायला लागलात." त्यावर बाबांनी मुलीला अभ्यास करायला जा म्हणून सांगितलं आणि त्या दिवशी पुन्हा तिच्याशी बोलले नाहीत. जेवताना मीठ हवं होतं तेही त्यांनी आईकडे मागितलं, भांडं फौजदारांच्या हाताशी असताना.

तिला फार वाईट वाटलं, पण आपलं चुकलं असं एकदाही वाटलं नाही. या दोन गोष्टी एकाच वेळी मनात राहू शकतात, हे तिला नवीन होतं.

रविवारी सकाळी बाबांनी तिला हाक मारली. दोन्ही पुस्तकं दुरुस्त होऊन प्रेसखाली होती. टेबलावर हस्तिदंती रंगाच्या जाड कागदाच्या दोन चिठ्ठ्या होत्या आणि त्यांवर बाबांचं टपोरं अक्षर. पाठीवर नावं लिहायची म्हणून त्यांनी ते वर्षानुवर्षं घोटलेलं होतं. 'या ग्रंथाचे नामपृष्ठ बांधणीच्या वेळी दुसऱ्या ग्रंथास लागले होते. ते आता मूळ जागी लावले आहे. पूर्वी याचा आधार घेतलेल्यांनी दोन्ही ग्रंथ पाहावेत.' शब्द त्यांनी रात्रभर जुळवले असावेत, डोळे तांबरलेले होते. ते तिच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. शाबासकीची वाट बघत होते म्हटलं तरी चालेल.

तिने चिठ्ठी दोनदा वाचली. "छान आहे," ती म्हणाली. "पण हे कुणी लिहिलंय? खाली नाव नाही, साल नाही. ज्याला लेखकच नाही त्याची नोंद मी सूचीत कशी करू?"

"सूचीत?" बाबा म्हणाले.

"मग? खांबांची गोष्ट अभियंत्याची आहे, हे मी कशावरून म्हणते? तुमच्या चिठ्ठीवरून."

बाबा खुर्चीवर बसले. इतक्या वर्षांत त्यांच्या हाताखालून किती पुस्तकं गेली याला मोजदाद नव्हती आणि त्यांतल्या एकातही त्यांचं नाव नव्हतं. लेखकाचं असतं, छापणाऱ्याचं असतं, कधी कधी विकणाऱ्याचंही असतं. बांधणाऱ्याचं नसतं, पुस्तक नीट बांधलेलं असलं की त्याची आठवण कुणाला होत नाही. एवढी फुशारकी मारणाऱ्या माणसाने फुशारकी म्हणून निळ्या रेशमाचा एक गोट काय तो ठेवला होता. आणि आता नाव घालायची वेळ आली ती या कारणाने. रद्दी कागदावर त्यांनी दोन-तीनदा सही करून पाहिली, मग चिठ्ठीवर पूर्ण नाव लिहिलं, त्याखाली 'पुस्तक बांधणारा' आणि त्याखाली तारीख. दुसऱ्या चिठ्ठीवर तसंच. मग स्वतःच्या हाताने खळ लावून त्यांनी दोन्ही चिठ्ठ्या पहिल्या पानाच्या समोर, कुणालाही सहज दिसतील अशा, डकवल्या.

सोमवारी सकाळी पुस्तकं परत द्यायला बाबा स्वतः तिच्याबरोबर आले. ग्रंथपालांनी चिठ्ठी वाचली, दुसरी वाचली, मग बिचाऱ्या अभियंत्याला आपण इतकी वर्षं रटाळ म्हटलं याची त्यांनी मोठ्याने क्षमा मागितली. त्या नादात बाबांना काही बोलायचं ते विसरले. निघताना मात्र त्यांनी फुटलेल्या पुस्तकांचा नवा गठ्ठा नेहमीसारखा बाबांच्या हातात दिला. बाबांनी तो तिथेच टेबलावर उघडला, खिशातून पेन्सिल काढली आणि प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानामागे आकडा घातला. शाळेच्या वळणावर त्यांची शीळ तिला पुन्हा ऐकू आली.

बाईंनी तिचा प्रकल्प घेतला आणि नेहमीप्रमाणे मागून उघडला. बोट एकेका नोंदीवरून खाली सरकत गेलं. शेवटच्या नोंदीवर ते थांबलं. एक रेघ मारून सगळ्यांच्या खाली, वेगळी लिहिलेली ती नोंद होती. आडनाव, स्वल्पविराम, नाव, बांधणी-दुरुस्तीची टीप, ठिकाण, वर्ष. बाईंनी हे काय म्हणून विचारलं. तिने उभं राहून सगळं सांगितलं, दोरीवरच्या पानांपासून सत्त्याण्णव पृष्ठापर्यंत. वर्ग पहिल्यांदाच तिचं बोलणं न कंटाळता ऐकत होता. बाईंनी ऐकून घेतलं, खणातून स्वतःची पुस्तिका काढली, लेखणीने टीप खोडली, वर नवी लिहिली आणि उरलेल्या प्रतीही आता शोधाव्या लागतील असं स्वतःशीच म्हणाल्या. त्यांना राग आला नव्हता, उलट त्या चांगल्या दहा वर्षांनी तरुण दिसत होत्या. मग त्यांनी फौजदारांची सूची पुन्हा समोर ओढली.

"ही नोंद चुकली आहे," त्या म्हणाल्या.

तिची कानशिलं तापली. प्रत्येक स्वल्पविराम तिने तीनदा तपासला होता.

"रेघेखाली का? सूचीत वडील नसतात, सूचीत लेखक असतात. आडनावाप्रमाणे जिथे जागा असेल तिथे घाल आणि पान पुन्हा लिहून आण."

तिने मधल्या सुट्टीत पान पुन्हा लिहिलं. अकारविल्हे क्रमाने बाबांची जागा बरोबर मुख्याध्यापक आणि अभियंता यांच्या मध्ये आली.

कपाटासाठी तिचाच प्रकल्प निवडला गेला, याचं वर्गात कुणाला आश्चर्य वाटलं नाही आणि तिला स्वतःला तर मुळीच नाही. सुटे कागद कपाटात टिकत नाहीत, बांधून द्या, असं ग्रंथपालांनी कळवलं. बाबांनी त्यासाठी ठेवणीतलं गडद हिरवं कापड काढलं. आईने शिवण घातली. निळा गोट लागला. फक्त नाव असलेलं पहिलं पान लावायचं राहिलं तेव्हा बाबांनी तिला पुढच्या खोलीत बोलावलं, ते पान दोन्ही हातांनी उजेडात धरलं आणि वाचायला सांगितलं. तिने वाचलं. पुलाचं नाव, खाली तिचं नाव, साल.

"याच पुस्तकाचं आहे ना?" बाबांनी विचारलं.

"हो, याचंच."

"कशावरून?"

ती हसायला गेली, पण बाबा हसत नव्हते. खळ लावलेला ब्रश त्यांनी बाजूला धरून ठेवला होता आणि ते थांबले होते. मग तिने स्टूल टेबलापाशी ओढलं, दिवा जवळ घेतला आणि पहिल्या फर्म्यापासून एकेक पान लावून बघायला सुरुवात केली.